रमजूचा अंदाज

गंगावेशीत रात्री साडेनऊला
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळतात,
आणि ओठावरचा फेस पुसायच्या आधी
शिंगटे अण्णा वही काढतात:
"समजा,
हिंदुराव चौगले आणि प्रणित मगदूम.
निकाली कुस्ती. कोण?"

समजा म्हणजे काय काय समजा!
हिंदुराव एक्कावन्नचा. लंगोट उतरवून चौदा वर्षं झाली,
आता खताच्या दुकानात गल्ल्यावर बसतो.
पोरगा चोवीसचा, गेल्या साली गदा आणली,
जीपवर उभा, बिंदू चौकापर्यंत गुलाल.
पण कट्ट्यावर वय विचारतं कोण?
संपत म्हणतो, "तीन मिनटांत पट काढतंय पोरगं."
नाना म्हणतात, "मातीत? सहा मिनटं झाली की
शिट्टी हुडकत फिरंल ते."
कलाजंग दाखवता दाखवता एकाचा ग्लास सांडतो,
कुत्रं येऊन चाटतं.

मग सगळे माझ्याकडं बघतात.
दोघांची अंगं माझ्या हाताखालची.
सव्वीस वर्षं तालमीत तेल चोळतोय मी,
माझ्या बोटांच्या रेघा गेल्यात,
रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही.

हिंदुरावच्या डाव्या गुडघ्यात वाटी सरकते,
दाबली की ओल्या दोरासारखी कुरकुरते.
पोराची मान उजवीकडं पुरती वळत नाही,
कुठल्या मैदानात मुरगळली ते त्यानं
डॉक्टरला सांगितलं नाही, मलाही नाही.
मानेनंच सांगितलं.

परवा पालथा पडल्या पडल्या पोरगा म्हणाला,
"चाचा, वस्तादांचा डावा गुडघा..."
पुढं बोलला नाही.
मीही नाही.
पण माझा अंगठा थांबला,
आणि अंगठा थांबला की पाठीला कळतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात हिंदुराव,
त्याच फळीवर, त्याच तेलात:
"पोराची मान कशी हाय रं, रमजू?"
तेव्हाही थांबला होता, मेला.

तर माझा अंदाज असा.
पहिली दोन मिनिटं नुसती खडाखडी, हलगी तापेल.
चौथ्या मिनिटाला पोरगा आत घुसेल,
हिंदुराव त्याच्यावर वजन टाकून बसेल निवांत,
गल्ल्यावर बसतो तसा.
मानेला हात लावणार नाही. समोर दिसत असून नाही.
सातव्याला म्हाताऱ्याला धाप. मैदान उठून उभं.
अकराव्याला डावा पाय पुढं येईल,
उघडा,
पोराला दिसेल तो.
आणि इथं मी पोराला ओळखतो:
डावा सोडून तो उजव्याला हात घालेल.

उजव्याला!
अरे, तीस वर्षं हिंदुराव उजवाच पाय पुढं करतोय,
पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा लावावा तसा.
तिथंच मोळी बांधेल,
आणि पोरगा आभाळ बघेल.

यातलं कट्ट्यावर काहीच बोललो नाही.
म्हणालो, "हिंदुराव. अकरावं मिनिट."
हसून हसून संपतला ठसका लागला,
"चाचाचं तेल डोक्यात गेलं!"
अण्णांनी मात्र लिहून घेतलं, तारखेसकट.

सकाळी हिंदुराव आला.
भिंतीला धरून फळीवर टेकला,
गुडघा सुजलेला, पायजमा वर चढेना.
मी वाटीत तेल ओतलं.
बऱ्याच वेळानं, खाली तोंड करूनच:
"काल कट्ट्यावर कोण जिंकलं म्हणं?"
"तुम्ही."
तेल मुरेपर्यंत गप्प.
मग,
"किती मिनटांत?"
"अकरा."
"लई वेळ लावला की रं," म्हणाला.